समुद्रकाठच्या ओन्सेन र्योकानात राहायचे तर आधी काय विचारावे

जपानला निघालेल्या वाचकांचे काही प्रश्न हमखास येतात. सगळ्यांसमोर कपडे न घालता अंघोळ करावी लागते का? शाकाहारी जेवण मिळते का? एका रात्रीचे एवढे पैसे कशाचे? आईचे गुडघे दुखतात, तिला जमिनीवरच झोपावे लागेल का? आणि खोलीतून समुद्र खरोखर दिसेल ना?

या बहुतेक प्रश्नांची उत्तरे दिलासा देणारी आहेत. फक्त ती खोली ठरवण्यापूर्वी मिळवायला हवीत. शहरातल्या हॉटेलात खोली घेतली की जेवणाचे, अंघोळीचे तुमचे तुम्ही पाहता. र्योकानात, म्हणजे जपानी पद्धतीच्या पारंपरिक निवासात, रात्रीचे जेवण, ओन्सेनचे म्हणजे गरम झऱ्याचे स्नान, झोप आणि सकाळची न्याहारी हा सगळा मिळून एकच व्यवहार असतो. तुमच्या ताटात काय वाढायचे हे तुम्ही दारात येण्यापूर्वीच ठरलेले असते आणि त्याप्रमाणे बाजारहाटही झालेला असतो. त्यामुळे आधी कळवलेली अडचण हे लोक मनापासून सोडवतात. संध्याकाळी सहा वाजता सांगितलेली अडचण त्यांची इच्छा असूनही सुटत नाही. पुढचे सारे वाचताना हे एवढे ध्यानात ठेवा.

कोणत्या किनाऱ्यावर जावे?

पहिल्यांदा जात असाल, तर तुमचा बाकीचा प्रवास जिथे आहे त्याच्या जवळचा किनारा निवडा. एका रात्रीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नका.

- तोक्योहून: आतामी आणि त्याच्या दक्षिणेची इझू द्वीपकल्पाची किनारपट्टी. शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेच्या कोदामा गाडीने आतामी पाऊण तासाच्या आसपास येते. नोझोमी गाडी तिथे थांबत नाही. इतो, आतागावा, इनातोरी ही गावे पुढच्या रेल्वेवर आहेत. जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांचा रेल्वे पास, इतोपर्यंत चालतो. पुढची इझू क्यूको ही खाजगी रेल्वे आहे, तिचे तिकीट वेगळे काढावे लागते.
- ओसाकाहून: वाकायामा प्रांतातले शिराहामा. कुरोशिओ एक्स्प्रेसने अडीच तासांच्या आसपास. जपानच्या सर्वांत जुन्या ज्ञात झऱ्यांत याची गणना होते. सम्राज्ञी साइमेई इ. स. 658 मध्ये इथे आल्याची नोंद जुन्या इतिहासग्रंथात आहे. खडकात कोरलेले साकी-नो-यू हे सार्वजनिक कुंड अगदी लाटांच्या शेजारी आहे.
- क्यूशू बेटावर: बेप्पू आणि इबुसुकी. इबुसुकीत गरम वाळूत पुरून घेण्याचे स्नान असते. त्याबद्दल पुढे सांगितले आहे, कारण संकोच वाटणाऱ्यांना ते फार सोयीचे आहे.
- उत्तरेला आओमोरीत: फुरोफुशी. लोहयुक्त तांबूस पाणी आणि समोर थेट जपानचा समुद्र. गाड्या मोजक्या आहेत, म्हणून वेळापत्रक पाहूनच बेत करा.

नोतो द्वीपकल्पावरच्या वाकुरा ओन्सेनचे नाव जुन्या प्रवासपुस्तकांत अग्रक्रमाने आढळते. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात त्या गावाचे मोठे नुकसान झाले. तिथे जाण्याची इच्छा असेल, तर कोणती र्योकाने पुन्हा सुरू झाली आहेत याची खात्री आधी करा.

किनारा कोणत्या दिशेला तोंड करून आहे हेही पाहा. आतामी, इझूचा पूर्व किनारा आणि बेप्पू पूर्वेकडे पाहतात, तिथे कुंडात बसून सूर्योदय दिसतो. शिराहामा आणि फुरोफुशी सूर्यास्ताची गावे आहेत. पहाटे उठणाऱ्यांनी पूर्वेचा किनारा घ्यावा.

दर कसा वाचावा?

सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. र्योकानाचा दर बहुधा माणशी असतो, खोलीमागे नसतो. दोघांसाठी शोध घेतल्यावर दिसणारी रक्कम एकाची आहे की दोघांची, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. दोन वेळच्या जेवणासह माणशी पंधरा ते तीस हजार येन हा मध्यम प्रतीचा दर समजा. खोलीला स्वतःचे कुंड असेल तर रक्कम बरीच वाढते. शनिवारी आणि सुट्ट्यांच्या आदल्या रात्री दर चढतात. आतामीत वर्षातून अनेकदा समुद्रावर आतषबाजी होते, त्या रात्रीही हाच अनुभव येतो. एकट्या प्रवाशाला काही ठिकाणी खोलीच देत नाहीत, काही ठिकाणी जास्त दर लावतात. सोमवार ते गुरुवार एकट्याला खोली मिळण्याची शक्यता चांगली असते.

जेवणाचे तीन प्रकार आणि त्यांची नावे माहीत असू द्या:

- इप्पाकु निशोकु: एक रात्र, दोन जेवणे. म्हणजे रात्रीचे जेवण आणि न्याहारी.
- चोशोकु-त्सुकी: फक्त न्याहारी.
- सुदोमारी: फक्त राहणे.

याशिवाय स्नानकर असतो. तो बहुतेक गावांत माणशी, दिवसाला 150 येन असतो आणि अनेकदा तिथेच रोख घेतात. काही नगरपालिका निवासकरही घेतात. लहान मुलांसाठी वेगवेगळे दर असतात: मोठ्यांसारखे जेवण, मुलांचे जेवण, फक्त अंथरूण, किंवा दोन्ही नाही. मुलाचे वय नेमके लिहा आणि यांतले काय हवे ते सांगा. बक्षिसी द्यायची नसते.

समुद्र दिसतो म्हणजे किती दिसतो?

जाहिरातीतले छायाचित्र बहुधा सर्वांत महागड्या खोलीचे असते. एकाच इमारतीत समुद्राच्या बाजूच्या खोल्यांना *उमि-गावा* आणि डोंगराच्या बाजूच्या खोल्यांना *यामा-गावा* म्हणतात. तुमच्या आरक्षणात यांपैकी काय लिहिले आहे ते पाहा. काहीच लिहिलेले नसेल, तर समुद्र मिळेल असे गृहीत धरू नका.

कुंडाचे मात्र वेगळे आहे. स्वस्त खोलीत राहणाऱ्यालाही सामायिक कुंड तेच मिळते. म्हणून पैसे मोजके असतील तर माझा सल्ला असा: खोली डोंगराकडची घ्या, पण ज्या र्योकानाचे सामायिक उघडे कुंड समुद्रासमोर आहे ते निवडा. आणखी एक गोष्ट स्पष्ट विचारा. आडोशासाठी स्त्रियांच्या कुंडाभोवती कुंपण उंच असते आणि त्यामुळे पाण्यात बसल्यावर समुद्र दिसेनासा होतो, असे बऱ्याच ठिकाणी घडते. काही र्योकाने पुरुषांची आणि स्त्रियांची कुंडे रात्री किंवा पहाटे अदलाबदल करतात, म्हणजे दोघांनाही दोन्ही बाजू मिळतात. ही सोय असलेले ठिकाण सरळ पसंत करा.

"ओन्सेन" या पाटीमागे काय असते?

जपानमध्ये 1948 पासून ओन्सेनचा कायदा आहे. जमिनीतून निघताना पाणी किमान 25 अंश सेल्सिअस असेल, किंवा यादीतल्या 19 घटकांपैकी एखादा ठरावीक प्रमाणात असेल, तर त्याला ओन्सेन म्हणता येते. म्हणजे कोमट किंवा थंड झऱ्याचे पाणी तापवून दिलेले असले, तरी ते कायद्याने ओन्सेनच ठरते.

ग्राहक म्हणून तुमच्या उपयोगाचा भाग पुढे आहे. 2004 मध्ये नागानो प्रांतातल्या एका प्रसिद्ध ओन्सेनात पाण्यात रंग आणणारी पूड मिसळत असल्याचे उघडकीस आले आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर 2005 पासून चार गोष्टी लिहून लावणे सक्तीचे आहे: पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, तेच पाणी गाळून फिरवले जाते का, आणि जंतुनाशक किंवा इतर काही घातले आहे का. ही माहिती आणि पाण्याच्या तपासणीचा तक्ता कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीवर असतो. फोनवरच्या भाषांतराने तो वाचता येतो, मात्र तिथे कॅमेरा काढायचा नसतो. म्हणून ती माहिती स्वागतकक्षात मागा किंवा र्योकानाच्या संकेतस्थळावर आधीच पाहा. *काकेनागाशी* असे लिहिले असेल, तर झऱ्याचे पाणी सतत वाहते आणि पुन्हा वापरले जात नाही. खोलीतल्या खाजगी कुंडात झऱ्याचे पाणी आहे की नळाचे, हे वेगळे विचारा. दरवेळी ते झऱ्याचेच असते असे नाही.

समुद्रकाठचे पाणी पुष्कळदा खारट असते. अंगावर मिठाचा पातळ थर राहतो, त्यामुळे घामाचे बाष्पीभवन कमी होते आणि ऊब बराच वेळ टिकते. थंडीत हे सुखाचे वाटते, उन्हाळ्यात जड होते. गंधकाच्या झऱ्यात चांदी काळी पडते. अंगावर जोडवी, पैंजण असतील तर उतरून खोलीच्या तिजोरीत ठेवा.

शाकाहारी असाल, तर हा भाग दोनदा वाचा

समुद्रकाठच्या र्योकानाचे रात्रीचे जेवण म्हणजे मासळीचा सोहळा असतो. कच्च्या माशांचे काप, शिंपले, इझूत किनमेदाइ नावाचा लाल मासा, हिवाळ्यात जपानच्या समुद्राकडे खेकडे. मालवण-गोव्याकडच्या मासे खाणाऱ्या वाचकांना ही मेजवानी आहे. ज्यांना कच्चे नको, त्यांनी "शिजवून द्यावे" असे आधी लिहावे. बरीच र्योकाने तेच मासे भाजून किंवा सोया-साखरेच्या रसात शिजवून देतात.

शाकाहारी माणसाची खरी अडचण ताटात दिसणाऱ्या माशाची नसते. ती न दिसणाऱ्या *दाशी*ची असते. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा, आणि तो बहुधा कात्सुओ या सुकवलेल्या माशाच्या कापांपासून काढतात. हा रस्सा किंवा हे काप पुढील पदार्थांत असू शकतात:

- मिसो सूप आणि इतर सर्व सूप
- शिजवलेल्या भाज्या, अगदी नुसते गाजर-मुळा दिसत असले तरी
- तेंपुरा आणि सोबा यांची बुडवण्याची चटणी
- चावानमुशी हे अंड्याचे वाफवलेले कस्टर्ड
- पालकासारख्या भाज्यांवरून भुरभुरलेले पातळ काप
- काही लोणची

*कामाबोको* हा गुलाबी-पांढरा अर्धगोल काप भाजीसारखा दिसतो, पण तो माशाचा असतो. गोड पदार्थात जिलेटिन असू शकते. मद्य टाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की साके आणि मिरिन स्वयंपाकात सर्रास वापरतात.

म्हणून नुसते "व्हेजिटेरियन" एवढे लिहून थांबू नका. अनेकांच्या समजुतीत मांस न खाणारा तो शाकाहारी, आणि मासे त्याला चालतात. काय चालत नाही आणि काय चालते, दोन्ही लिहा. निरोप आरक्षणाच्या वेळीच द्या आणि लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरा. मजकूर भाषांतराच्या अॅपवरून जपानी लिपीत पाठवा. तोंडी सांगण्यासाठी हे वाक्य उपयोगी पडेल:

*"निकु, साकाना, एबी, काई, कात्सुओ नो दाशी वा ताबेरारेमासेन. कोम्बु तो शिइताके नो दाशी वा दाइजोबु देसु."*

अर्थ: मांस, मासे, कोळंबी, शिंपले, कात्सुओची दाशी खाता येत नाही. कोम्बु या समुद्री शेवाळाची आणि शिइताके अळंब्यांची दाशी चालते. अंडे-दूध चालत असेल तर "तामागो तो ग्यून्यू वा दाइजोबु देसु" हेही जोडा.

उत्तर "जमेल" असे आले, तर तोफूचे गरम भांडे, भाज्यांचा तेंपुरा, तिळाचा तोफू, भात, लोणचे असे छान ताट मिळते. बौद्ध मठांतल्या *शोजिन र्योरी* या शाकाहारी परंपरेचे नाव घेतलेत तर आचाऱ्याला तुमची गरज चटकन कळते. त्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य आहे. कंदमुळे मात्र भरपूर असतात, तेव्हा जैन पद्धतीने खाणाऱ्यांनी ते वेगळे कळवावे.

उत्तर "जमणार नाही" असे आले, तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी खरे सांगून तुमची रात्र वाचवली आहे. अशा वेळी सुदोमारी किंवा फक्त न्याहारीचा दर घ्या आणि जेवणाची सोय वेगळी करा. आतामी, बेप्पूसारख्या मोठ्या गावात हे सोपे आहे. फुरोफुशीसारख्या एकाकी ठिकाणी फारच अवघड, तिथे आधीच्या शहरातून बांधून न्या.

आवड-निवडीला अॅलर्जी म्हणू नका. अॅलर्जी हा शब्द तिथे अतिशय गांभीर्याने घेतात. भांडी, तेल, सुऱ्या वेगळ्या ठेवणे शक्य नसेल तर ते आरक्षणच नाकारतील. खरी अॅलर्जी असेल तर मात्र ती अवश्य, आणि नेमक्या पदार्थासह लिहा.

घरून मेतकूट, भाजलेले पोहे, लाडू, चिवडा नेलात तर खोलीत खायला हरकत नसते. जेवणाच्या दालनात स्वतःचा डबा उघडू नका आणि खोलीत काही शिजवू नका. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या आणि कोणत्याही स्वरूपातले मांस जपानमध्ये नेण्यावर कडक निर्बंध आहेत, ते सामानात ठेवूच नका.

कपड्यांविना अंघोळ: खरे काय आणि पर्याय काय

वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याच्या कुंडात आपण अंगावर कपडे ठेवून उतरतो. जपानी सामायिक कुंडात अंगावर काहीही नसते, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पुरुष आणि स्त्रिया यांची कुंडे जवळजवळ सगळीकडे वेगळी असतात. प्रवेशाच्या पडद्यावरचे चिन्ह ओळखायला शिका: पुरुषांच्या अक्षरात वर चार खणांचा चौकोन असतो, स्त्रियांच्या अक्षरात एकमेकांना छेदणाऱ्या वळणदार रेषा. पडद्याच्या रंगावर विसंबू नका. रात्री कुंडे बदलत असतील तर सकाळी पडदा पुन्हा वाचा.

हे जमणार नाही असे वाटत असेल, तर तो तुमचा निर्णय आहे आणि त्यासाठी प्रवास रद्द करण्याची गरज नाही. पर्याय असे:

1. काशिकिरी कुंड. ठरावीक वेळेसाठी, बहुधा पाऊण ते एक तास, फक्त तुमच्या कुटुंबाला मिळणारे कुंड. काही ठिकाणी मोफत, काही ठिकाणी दोन-तीन हजार येन. पोहोचताच वेळ राखून घ्या, सूर्यास्ताच्या वेळा आधी संपतात. विचारायचे वाक्य: "काशिकिरी-बुरो वा आरिमासु का?"
2. खोलीतले खाजगी कुंड. महाग, पण वयस्कर आई-वडील, नवे जोडपे, किंवा शरीराबद्दल संकोच असणाऱ्या कोणासाठीही पैसे वसूल करणारे.
3. वाळूचे स्नान. इबुसुकीत तुम्ही युकाता, म्हणजे सुती झगा, घालून समुद्रकाठच्या वाळूत पडता आणि कर्मचारी फावड्याने तुमच्यावर गरम वाळू ओढतात. दहा मिनिटांत घाम फुटतो. कुटुंबातले सगळे शेजारी-शेजारी झोपू शकतात. नंतरची धुण्याची जागा मात्र स्त्री-पुरुषांसाठी वेगळी आणि सामायिक असते.
4. गर्दी टाळणे. जेवणाच्या वेळी आणि रात्री उशिरा कुंडे रिकामी असतात.

फुरोफुशीसारख्या काही जुन्या ठिकाणी समुद्रालगतचे एखादे कुंड अजूनही स्त्री-पुरुष एकत्र असते, आणि स्त्रियांसाठी वेगळेही असते. आरक्षण करताना "मिश्र" असे दिसले तर नेमके कोणते कुंड, आणि तिथे *युआमिगी* हे स्नानवस्त्र चालते का, ते विचारा.

मुले: केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना 2020 मध्ये बदलली. सात वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांनी विरुद्ध लिंगाच्या कुंडात जाऊ नये, असे आता साधारणपणे मानतात. नियम प्रांतागणिक थोडे बदलतात. आठ वर्षांचा मुलगा आणि सोबत फक्त आई, अशा प्रवासात खाजगी कुंडच ठरवा.

गोंदण आणि टॅटू: 2015 च्या सरकारी पाहणीत उत्तर देणाऱ्या निवासांपैकी सुमारे 56 टक्क्यांनी टॅटू असलेल्यांना सामायिक कुंडात मनाई असल्याचे सांगितले. या नियमामागे संघटित गुन्हेगारांच्या टॅटूंची भीती आहे. आजीच्या हातावरचे गोंदण आणि ते टॅटू यांतला फरक समोरच्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही. लहान असेल तर कातडीच्या रंगाची पट्टी लावून बहुधा चालते, मोठे असेल तर खाजगी कुंड. कपाळावरच्या गोंदणाबद्दल आधीच लिहा, ऐन दारात वृद्ध बाईला अवघडल्यासारखे होऊ देऊ नका. लग्नानंतर लगेच जात असाल तर गडद मेंदीबद्दलही कळवा.

जपानच्या समुद्राजवळचे किनोसाकी ओन्सेन किनाऱ्यापासून थोडे आत आहे. तिथली सातही सार्वजनिक स्नानगृहे टॅटूला हरकत घेत नाहीत.

पाण्यात उतरण्याची रीत

1. कपडे टोपलीत किंवा कप्प्यात. सोबत फक्त लहान पंचा. फोन खोलीतच ठेवा.
2. नळासमोरच्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवा, साबण नीट काढून टाका. शेजाऱ्यावर पाणी उडणार नाही असे पाहा.
3. केस बांधा. केस आणि पंचा पाण्याला लागू देऊ नका. पंचा डोक्यावर किंवा कडेला ठेवा.
4. हळूहळू उतरा. पाणी बहुधा 40 ते 42 अंश असते. पहिल्यांदा पाच मिनिटे पुरेत, मग बाहेर बसा, पुन्हा जा.
5. बाहेर पडताना अंग पुसूनच कपड्यांच्या खोलीत या. भरपूर पाणी प्या.

साकी-नो-यूसारख्या मोकळ्या कुंडांत साबण वापरता येत नाही, तिथे फक्त पाणी घेऊन अंग धुवायचे असते. खाऱ्या पाण्यानंतर अंगावर साधे पाणी न घेण्याची पद्धत आहे. पण कातडी नाजूक असेल किंवा खाज येत असेल तर खुशाल धुवा.

मासिक पाळी चालू असताना सामायिक कुंडात जात नाहीत. खोलीतल्या शॉवरचा वापर करा.

कोणी जपावे

ताप, वाढलेला हृदयविकार, श्वासाचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना गरम पाण्यातून झटकन उठताना चक्कर येऊ शकते, त्यांनी कठडा धरून उठावे. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झाली असेल तर पाणी आधी हाताने किंवा कोपराने तपासा. गरोदरपण पूर्वी सरकारी वर्ज्य यादीत होते, 2014 मध्ये ते काढले गेले. तरी घसरणे आणि अति उष्णता हे धोके आहेतच, म्हणून थोडा वेळ, सोबतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने.

मद्य घेतल्यावर आणि पोटभर जेवल्यावर लगेच जाऊ नका. हिवाळ्यात समुद्रावरचा वारा बोचरा असतो. उबदार खोलीतून गार ओसरीत आणि तिथून 42 अंशांच्या पाण्यात, हा एकदम बदल वृद्धांच्या हृदयावर ताण आणतो. आधी आतल्या कुंडात अंग गरम करा, मग बाहेर जा. वयस्कर माणसाला एकटे पाठवू नका.

वेळा आणि खोली

प्रवेश साधारण दुपारी तीनपासून, निघणे सकाळी दहापर्यंत. रात्रीचे जेवण सहा ते साडेसातच्या दरम्यान सुरू होते. जेवण घेतले असेल तर सहापूर्वी पोहोचा. गाडी चुकली तर लगेच फोन करा. न कळवता उशीर झाला तर जेवण जाते आणि पैसेही परत येत नाहीत. स्थानकावरून नेणारी र्योकानाची गाडी बहुधा आधी सांगावी लागते.

तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत रात्री फुतोन, म्हणजे गादी, जमिनीवर अंथरतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर पलंग असलेली *वा-योशित्सु* खोली आणि जेवणासाठी *इसु-सेकि*, म्हणजे खुर्चीची जागा, मागा. युकाता नेसताना डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे, उलटी नेसण मृतदेहाची असते. तातामीवर चपला नाहीत, शौचालयाच्या चपला शौचालयातच. मोठी बॅग कुरिअरने पुढच्या शहरातल्या हॉटेलात पाठवता येते, या सेवेला ताक्क्यूबिन म्हणतात.

भूकंप, लाटा, वादळ

समुद्रकाठी राहायचे तर यासाठी पाच मिनिटे द्याच. खोलीच्या दारामागे बाहेर पडण्याचा नकाशा असतो, तो वाचा. उंचावर जाण्याचा रस्ता कोणता हे स्वागतकक्षात विचारून घ्या. जोराचा किंवा बराच वेळ चालणारा धक्का जाणवला, तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जा. युकात्यावर जायला लाजू नका. 30 जुलै 2025 रोजी कामचात्काजवळ झालेल्या भूकंपानंतर जपानच्या प्रशांत किनाऱ्यावर दूरवर त्सुनामीचे इशारे लागले आणि लोकांना हलावे लागले, म्हणजे धक्का जाणवला नाही तरी इशारा येऊ शकतो. सरकारी पर्यटन विभागाचे सेफ्टी टिप्स हे अॅप इंग्रजीत इशारे देते, निघण्यापूर्वी फोनवर घ्या.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा चक्रीवादळांचा मुख्य काळ. वादळात रेल्वे आधी जाहीर करून बंद ठेवतात आणि लाटांजवळची कुंडे बंद होतात. त्या काळात जात असाल तर पुढचा दिवस मोकळा ठेवा, दुसऱ्याच सकाळी विमान ठेवू नका.

तुमचे हक्क आणि काही बिनसले तर

- प्रवेश नाकारणे. र्योकानाला कोणालाही मनात येईल तसे नाकारता येत नाही. खोली शिल्लक नसणे, ठरावीक संसर्गजन्य आजार, बेकायदा वर्तनाची शक्यता अशी कारणे कायद्यात दिली आहेत. डिसेंबर 2023 पासून अवाजवी मागण्या वारंवार करणाऱ्यालाही नाकारता येते. परदेशी असणे हे कारण त्यात नाही. ओतारू शहरातल्या एका स्नानगृहाने परदेशी दिसणाऱ्यांना सरसकट मज्जाव केला, तेव्हा सप्पोरो जिल्हा न्यायालयाने 2002 मध्ये तो बेकायदा भेदभाव ठरवून भरपाई द्यायला लावली.
- पारपत्र. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याला पारपत्र दाखवावे लागते आणि र्योकान त्याची प्रत ठेवते, हे नियमाला धरून आहे. तोक्यो-योकोहामात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथला पत्ता लिहिला की पुरते.
- अपंगत्व. 1 एप्रिल 2024 पासून खाजगी व्यवसायांनाही वाजवी सोय करून देणे बंधनकारक आहे. चाकाची खुर्ची, स्नानासाठी उंच स्टूल, तळमजल्याची खोली यांपैकी काय लागेल ते आरक्षणासोबत कळवा. जुन्या इमारतीत सर्व काही शक्य नसते, पण विचार करून उत्तर देणे त्यांचे कर्तव्य आहे.
- रद्द करणे. जेवणासह आरक्षण असेल तर शुल्क काही दिवस आधीपासून लागते आणि आयत्या दिवशी 80 ते 100 टक्क्यांपर्यंत जाते. अटी पैसे भरण्यापूर्वी वाचा. व्यवसायाला होणाऱ्या सरासरी नुकसानीपेक्षा जास्त शुल्क आकारले, तर जपानच्या ग्राहक करार कायद्यानुसार तेवढा भाग रद्दबातल ठरतो. वादळाने रेल्वे बंद झाली तर लगेच फोन करा, अशा वेळी अनेक र्योकाने शुल्क माफ करतात.
- ठरलेली खोली मिळाली नाही. जपानच्या पर्यटन विभागाच्या नमुना करारानुसार र्योकानाने शक्य तितकी तशीच दुसरी सोय करून द्यायची असते. ती झाली नाही, तर भरपाई मिळायला हवी. समुद्राकडची खोली लेखी ठरली होती आणि डोंगराकडची मिळाली, तर बॅग उघडण्यापूर्वी आरक्षणाचा कागद दाखवून शांतपणे बोला. आवाज चढवून काम होत नाही.

आजार किंवा अपघातासाठी 119, पोलिसांसाठी 110. पर्यटकांसाठी राष्ट्रीय पर्यटन संस्थेचा चोवीस तास चालणारा इंग्रजी दूरध्वनी 050-3816-2787 आहे. पैशांच्या वादासाठी जपानचे राष्ट्रीय ग्राहक व्यवहार केंद्र परदेशी पर्यटकांसाठी वेगळी दूरध्वनी सेवा चालवते. या ठिकाणी बोलताना आरक्षणाचा क्रमांक आणि जेवणाबद्दल आलेले लेखी उत्तर हाताशी ठेवा. दोन्हींची छायाचित्रे फोनमध्ये आणि एक छापील प्रत पारपत्रासोबत असू द्या.